पाटीवर लिहिले आहे : चावरा कुत्रा

कुत्रा चावल्यावर काय करावे, याविषयी या सदरात मागे लिहिले होते. त्यावर जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रांचा सूर एकच होता. ‘जखम कशी धुवावी ते समजले, डॉक्टर, पण ज्या कुत्र्याने चावा घेतला त्याचे काय करायचे, हे तुम्ही लिहिलेच नाही.’ एका गृहस्थांनी तर पोस्टकार्ड पाठवले. (पोस्टकार्ड लिहिणारी माणसे अजून आहेत, याचाच मला आनंद झाला.) त्यावर एकच ओळ होती : ‘चावरी कुत्री संपवा, म्हणजे लोकांना लस टोचून घ्यायला नको आणि तुम्हाला लेख लिहायला नको.’

प्रश्न रास्त आहे, टाळण्यासारखा नाही. मी जनावरांचा डॉक्टर, तेव्हा उत्तरही माझ्या धंद्यातलेच देणार. ते एका कुत्र्याच्या निमित्ताने देतो. त्या कुत्र्याविषयी येत्या पंधरवड्यात काय तो निर्णय व्हायचा आहे आणि त्याच्या बाजूने चार शब्द बोलायला दुसरे कोणी नाही.

आपल्या नदीकाठचा जुना कोंडवाडा वाचकांना ठाऊक आहे. पूर्वी तिथे शेतात घुसलेली मोकाट गुरे कोंडत आणि मालक दंड भरून सोडवून नेत. आता तिथे भटक्या कुत्र्यांचे पिंजरे आहेत. नसबंदीसाठी धरलेली कुत्री चार-पाच दिवस राहतात आणि जिथून आणली तिथे परत सोडली जातात. शेवटच्या पिंजऱ्यावर मात्र पत्र्याची एक पाटी तारेने बांधलेली आहे : ‘धोका. चावरा कुत्रा. जवळ जाऊ नये.’ आत तांबूस रंगाचा, उभ्या कानांचा, मध्यम अंगाचा गावठी कुत्रा असतो. वय दोन-अडीच वर्षे. कोंडवाड्यावर काम करणारे मामा त्याला तांबू म्हणतात.

तांबूच्या नावावर दोन चावे आहेत. गेल्या श्रावणात एस. टी. स्टँडच्या मागे एका नऊ वर्षांच्या मुलाने खेळता खेळता त्याच्या गळ्याला मिठी मारली, तेव्हा तो मुलाच्या दंडाला कडकडून चावला. लोकांनी आरडाओरडा केला, गाडी आली, कुत्रा कोंडवाड्यात गेला. दुसरा चावा तिथलाच. गळ्यात फास टाकून पिंजऱ्याबाहेर ओढताना त्याने एका कामगाराचे मनगट धरले. दुसऱ्या दिवशी पाटी लागली.

टाके बघायला मी आठवड्यातून एकदा तिथे जातो. मामांनी मला आधीच बजावले, ‘डॉक्टर, ह्याच्या वाटंला जाऊ नका. भाकरी लांबून टाकायची आन् मागं सरकायचं.’ मी पिंजऱ्यापाशी उभा राहिलो. कुत्रा पुढे धावून आला नाही. उलट मागच्या कोपऱ्यात अंग चोरून, शेपूट पोटाखाली घालून बसला आणि गुरगुरत राहिला. मान एका बाजूला वाकडी धरलेली. शिवाय एक वास येत होता. सडत चाललेल्या मांसाचा तो वास जनावरांच्या डॉक्टरला झोपेतही ओळखू येईल.

भाकरीतून गुंगीचे औषध दिले, तो सुस्तावल्यावर भुलीचे इंजेक्शन दिले आणि मानेवरचे केस कापले. कोणीतरी तो पिलू असताना त्याच्या गळ्यात नायलॉनची दोरी बांधली होती. पिलू वाढले, दोरी वाढली नाही. ती कातडी कापत आत गेली आणि वरून मांस भरून आले. बाहेरून दोरी दिसतच नव्हती. केसांखाली गळ्याभोवती एक चर तेवढा होता. मागच्या बाजूला तो बोटाच्या पेरापर्यंत खोल होता आणि त्यात किडे पडले होते. दोरीचे तुकडे करून काढायला, किडे वेचायला आणि जखम धुवायला पाऊण तास लागला. मामा बॅटरी धरून उभे होते. मध्येच ते बाहेर जाऊन आले.

आता ते दोन्ही चावे पुन्हा आठवून पाहा. एकदा मिठी आणि एकदा फास, दोन्ही नेमके त्या जखमेवर.

खेड्यातल्या वाचकांना यात नवल वाटू नये. खांदा सुजलेला बैल जू ठेवू देत नाही, शिंग उगारतो. शेतकरी लगेच त्याला मारका ठरवून बाजारात नेत नाही. आधी खांदा बघतो. कुत्र्याच्या बाबतीत आपण खांदा बघायचेच विसरतो. माझ्याकडे येणाऱ्या ‘एकाएकी चावू लागलेल्या’ घरच्या कुत्र्यांत कान फुटलेले असतात, दाढ किडलेली असते, म्हातारपणी कंबर धरलेली असते. लेकरू लाडाने पाठीवर रेलते आणि कुत्रा वळून तोंड टाकतो. घरचे म्हणतात, इतकी वर्षे गरीब होता, आता बिघडला. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठातील डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली आपल्याकडे आलेल्या बिघडलेल्या स्वभावाच्या जनावरांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांच्या मते अगदी हात राखून सांगायचे तरी अशा जनावरांपैकी सुमारे एक तृतीयांश जनावरांना कुठे ना कुठे दुखत असते. काही ठिकाणी हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या जवळ जाते.

दुखण्याखालोखाल कारण असते भीती. घाबरलेला कुत्रा शक्य असेल तर पळतो. साखळी, भिंत किंवा पिंजरा आड आला की पळणे संपते आणि दात उरतात. तरीही तो बहुधा आधी सांगतो. तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्याचा पांढरा भाग दाखवत तिरपे बघतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारू नका, हे मी घरोघर सांगतो. मार खाऊन तो गुरगुरणे सोडतो, चावणे सोडत नाही. आणि मग लोक म्हणतात, हा न सांगता चावतो.

या विषयावर बोलताना मला अमेरिकेतल्या एका प्रकरणाची फार मदत होते, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील सरी काउंटीत मायकेल व्हिक या नामांकित फुटबॉलपटूच्या मालमत्तेवर छापा पडला. तिथे कुत्र्यांच्या झुंजी लावण्याचा धंदा चालत होता. आपल्याकडे बैलांच्या टकरी किंवा कोंबड्यांच्या झुंजी लावतात तसाच हा प्रकार, फक्त पैसा अफाट आणि हरलेल्या कुत्र्याची गत भयंकर. पन्नासच्या आसपास पिट बुल जातीची कुत्री जप्त झाली. अशी कुत्री झुंजीच्या खटल्यातला मुद्देमाल. खटला संपला की ती मारून टाकायची, असा तोवरचा रिवाज होता. प्राण्यांसाठी झटणाऱ्या मोठमोठ्या संस्थांनीसुद्धा तेच सुचवले. ही देशातली सर्वांत हिंस्र कुत्री आहेत, यांना घरात कोण घेणार, असे त्यांचे म्हणणे.

न्यायालयाने मात्र घाई केली नाही. कुत्र्यांना एकेक करून तपासण्यासाठी जाणकारांचे पथक नेमले गेले आणि रिबेका हस या कायद्याच्या प्राध्यापिकेकडे त्यांचे पालकत्व दिले. व्हिकला डिसेंबर २००७ मध्ये २३ महिन्यांची शिक्षा झाली आणि कुत्र्यांच्या पुढच्या पालनपोषणासाठी त्याच्याकडून नऊ लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरून घेण्यात आली. तपासणीत काय निघाले? एकोणपन्नास कुत्र्यांपैकी आक्रमकपणामुळे मारावी लागेल अशी फक्त एक कुत्री निघाली. कितीतरी कुत्री तर माणूस दिसताच जमिनीला चिकटून पोळीसारखी सपाट होत. देशातली सर्वांत हिंस्र म्हणून गाजलेली ही कुत्री मुळात भेदरलेली होती.

बावीस कुत्री युटा राज्यातल्या एका मोठ्या आश्रमात गेली, बाकीची निरनिराळ्या संस्थांमार्फत घरोघरी. सगळ्यांचे गोड झाले असे नाही. काहींची भीती जन्मभर पुरती गेली नाही. पण त्यांतला लिओ नावाचा कुत्रा शिकून तयार झाला आणि केमोथेरपी घेणाऱ्या कॅन्सरच्या रोग्यांना भेटायला जाऊ लागला. जॉनी नावाचा दुसरा कुत्रा वाचताना अडखळणाऱ्या मुलांपुढे बसून राही, मुले त्याला मोठ्याने गोष्टी वाचून दाखवत. त्या कुत्र्यांपैकी शेवटचा फ्रोडो, तो डिसेंबर २०२१ मध्ये घरच्या माणसांत, म्हातारा होऊन गेला. मारायचे ठरलेच होते, त्यानंतरची ही चौदा वर्षे.

यावर कोणी म्हणेल, ती जात वेगळी, आपले गावठी वेगळे. अमेरिकेत याच्या उलट म्हणत होते, की ती जातच वाईट! जातीवरून स्वभाव ओळखण्याची हौस आपल्याला माणसांच्या बाबतीतही सुटत नाही, मग कुत्र्याचे काय. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हजारो कुत्र्यांच्या जनुकांचा आणि वागणुकीचा अभ्यास छापून आला. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीमुळे असतो, असे त्यात आढळले. राहिलेला बाकीच्या गोष्टींचा; त्यांत तो कुणाच्या हाताखाली वाढला, काय भोगले, हेही आले.

पिंजऱ्यातल्या परीक्षेचेही तसेच. परदेशात आश्रयगृहातल्या कुत्र्याच्या ताटलीत प्लॅस्टिकचा खोटा हात घालून तो चावतो का, हे पाहण्याची पद्धत आहे. गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली या अभ्यासकांनी २०१६ साली अशा परीक्षांचा हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला, की पुढे तो कुत्रा घरात कसा वागेल हे सांगण्यात या परीक्षा नाणे उडवण्याहून सरस नाहीत. अनोळखी जागा, चोवीस तास भुंकण्याचा गोंगाट, फिनेलचा वास, झोप नाही. तुम्हा-आम्हाला आठ दिवस तिथे ठेवले तर नवव्या दिवशी आपण शेजाऱ्याशी कसे वागू?

हे सगळे आताच का सांगायचे, तर ‘आक्रमक’ या एका शब्दाचे वजन अलीकडे फार वाढले आहे. भटक्या कुत्र्यांसंबंधीचे केंद्र सरकारचे नियम २००१ साली झाले आणि २०२३ साली ते नव्याने आले. त्यांत धडधाकट कुत्र्याला मारण्याची परवानगी नाही; नसबंदी आणि लस करून मूळ जागी सोडायचे असते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या कुत्र्यांचे प्रकरण गाजले. त्यात २२ तारखेच्या आदेशाने लस टोचलेली कुत्री परत सोडावीत असे सांगताना दोन अपवाद केले : रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली कुत्री, आणि आक्रमक कुत्री. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानके अशा आवारांतून कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश आला. रेबीज ओळखायला लक्षणे आहेत, प्रयोगशाळा आहे. आक्रमकपणा ओळखायला प्रयोगशाळा नाही. कोणता कुत्रा आक्रमक, हे शेवटी गावातल्याच कोणीतरी ठरवायचे आणि ते एकदा पत्र्यावर लिहिले की खोडायला कोणी येत नाही. तांबूच्या बाबतीत आता दोनच वाटा आहेत. एक, जन्मभर चार फूट बाय सहा फुटांचा पिंजरा. दुसरी, कोणीतरी जबाबदारी घेऊन त्याला घरी नेणे.

चावा लागलेल्या मुलाच्या घरी मी गेलो होतो. त्याची आई दारातच म्हणाली, ‘डॉक्टर, तुम्हाला कुत्र्याचं पडलंय. माझ्या पोराच्या दंडाला पाच टाके आहेत.’ त्या ताईंचे काहीच चुकले नाही. कुत्र्याला दुखत होते म्हणून मुलाला कमी दुखले असे होत नाही. कुत्र्याची बाजू मांडणाऱ्याने माणसाची जखम हलकी लेखली, की त्याचे पुढचे कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये. मी त्यांना दोरीचे तुकडे कागदात बांधून नेले होते, ते दाखवले. त्यांनी ते पाहिले, काही बोलल्या नाहीत. चहा मात्र दिला. मुलाने विचारले, ‘आता त्याचा गळा बरा झाला का?’

त्या माउलीने केलेली एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. तिने मुलाचा दंड नळाखाली धरून अंगाच्या साबणाने पंधरा मिनिटे धुतला आणि तशीच रिक्षाने सरकारी दवाखान्यात गेली. हळद, चुना, तिखट यांतले काही लावले नाही. तिथे जखमेत इम्युनोग्लोब्युलिन भरले आणि लस सुरू झाली. कातडीत देण्याची ही लस पहिल्या दिवशी आणि त्यापासून तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची असते. पोटातली चौदा इंजेक्शने २००४ सालीच बंद झाली. त्यांच्या धास्तीने अजूनही कोणी चावा लपवत असेल तर लपवू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. लस वेळेवर घेतली तर तो रोग टळतो.

दहा दिवसांचा नियमही नीट समजून घ्या. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा जिवंत आणि धडधाकट राहिला, तर चावतेवेळी त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते असे धरतात. तांबू दहा दिवस नव्हे, आज पाच महिने आपल्यासमोर आहे. मात्र कुत्र्यावर नजर ठेवायची म्हणून माणसाची लस लांबवायची नाही. कुत्रा सापडो न सापडो, लस त्याच दिवशी सुरू झाली पाहिजे.

तर आता तांबूची आजची प्रकृती. जखम भरायला पाच आठवडे लागले. त्या जागी केस नाहीत, गळ्याभोवती गुळगुळीत पांढरट कडे राहिले आहे आणि ते राहणारच. नसबंदी झाली, रेबीजची लस झाली, जंताचे औषध झाले. तिसऱ्या आठवड्यात त्याने मान सरळ धरली. दुसऱ्या महिन्यात मामा पिंजऱ्यात बसून विडी ओढू लागले आणि हा त्यांच्या पायापाशी झोपू लागला. विडी ओढू नका, हे मी मामांना सांगून थकलो. तो वेगळा लेख होईल. गळ्यात पट्टा घालायचा प्रयत्न आम्ही केलाच नाही. छातीभोवती घालायचा पट्टा मिळतो तो घालून मामा त्याला सकाळी नदीकाठाने फिरवून आणतात. या तीन महिन्यांत त्याने कोणावर दात उगारलेला नाही.

तरीही तो कुणालाही द्यावा असे मी म्हणणार नाही. डोक्यावरून खाली येणारा हात त्याला अजून सोसत नाही. तो अंग चोरतो आणि बाजूला होतो. म्हणून घरात दहा वर्षांखालचे मूल असेल त्यांनी त्याला मागू नये. रस्त्यालगतचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने कुत्र्याला दगड मारावा असे घरही नको. मळ्यातली वस्ती असावी, दोन-तीन मोठी माणसे असावीत, आवाराला कुंपण असावे. रखवालीसाठी साखळीला बांधून ठेवायला कुत्रा हवा असेल त्यांनी दुसरीकडे बघावे. साखळीला तो पुन्हा तसाच होईल, आणि पुन्हा पाटी लागेल.

नेणाऱ्याने आधी निदान चार वेळा येऊन त्याच्याशी ओळख करून घ्यायची. पहिल्या दिवशी नुसते पिंजऱ्याबाहेर बसायचे, त्याच्याकडे रोखून बघायचे नाही. हात पुढे करायचा तो खालून, मूठ मिटून, आणि जवळ यायचे की नाही हे त्याच्यावर सोडायचे. घरी नेल्यावर पहिले पंधरा दिवस त्याला एक कोपरा द्यावा, पाहुण्यांना दाखवू नये, जेवताना ताटलीला हात लावू नये. दर वर्षी रेबीजची लस टोचून त्याचे कार्ड जपून ठेवावे. पहिल्या वर्षाची लस आणि औषधपाणी माझ्याकडे, त्याचे पैसे नाहीत.

कोंडवाडा सकाळी नऊ ते अकरा उघडा असतो, मामा तिथेच भेटतील. येताना हातात काठी नको. भाकरी आणली तर ज्वारीची आणावी, गव्हाची पोळी तो हुंगून सोडून देतो.